चूल कुठे मांडायची? : परदेशगमनाच्या इतिहासाची घरगुती बाजू

परदेशगमनाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात शास्त्रार्थाच्या भाषेत मांडला गेला. बौधायन धर्मसूत्राने समुद्रसंयान हे पतनीय कर्मांत गणले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला न बोलवायच्या ब्राह्मणांच्या यादीत समुद्रयायी येतो. पुढे कलिवर्ज्यांच्या प्रकरणांत द्विजाची समुद्रयात्रा निषिद्ध ठरते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्याचा विस्ताराने परामर्श घेतला आहे, आणि सुधारक व सनातनी या दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने याच वचनांचा आधार घेतलेला दिसतो. त्यामुळे या विषयावरचे आपले बहुतेक लेखनही 'समुद्र ओलांडावा की ओलांडू नये' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

परंतु समुद्र ओलांडणारा माणूस समुद्रावर राहत नाही. तो पलीकडे कुठेतरी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला भूक लागते. पाणी कोणी भरायचे, विस्तव कोठे पेटवायचा, भांडे कोणाचे, अंगावर काय नेसायचे, थंडीत स्नान कसे करायचे, मुलाला कोणती प्रार्थना शिकवायची, असे प्रश्न तेव्हा सुरू होतात. ग्रंथांत त्यांची उत्तरे नसतात. ती स्वयंपाकघरात शोधावी लागतात आणि बहुधा पत्रांत, आठवणींत, चरित्रांत विखुरलेली सापडतात. या उत्तरांचा माग घेतल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. आचारधर्माचा भर 'कोणी शिजवले, कोणाचा स्पर्श झाला' यावरून 'भांड्यात काय आहे' यावर सरकत गेला, आणि हा बदल कोणत्याही धर्मसभेने ठराव करून घडवलेला नाही. परक्या गावात रोजचे जेवण मिळवताना तो घडला. प्रस्तुत लेखाचा हेतू या बदलाच्या काही खुणा तपासण्याचा आहे.

१. काचघरातली चूल

पहिली खूण अठराव्या शतकातली आहे. पेशवेपदासाठी इंग्रजांच्या मदतीच्या खटपटीत असलेल्या रघुनाथरावाने आपली बाजू मांडण्यासाठी इंग्लंडला वकील पाठवले. त्यात हनुमंतराव नावाचा ब्राह्मण होता आणि त्याच्याबरोबर मणियार रतनजी व त्याचा मुलगा हे पारशी गृहस्थ होते. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. राजकारणाच्या दृष्टीने त्यांची ही कामगिरी फारशी फलदायी ठरली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तिच्यातला एक तपशील मोलाचा आहे.

हनुमंतरावाला लंडनच्या बिऱ्हाडात आपला आचार पाळणे अशक्य होऊ लागले, तेव्हा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतली झाडे थंडीत जपण्यासाठी बांधलेले काचघर त्यांच्या हवाली केले. तेथे हनुमंतरावाने आपले स्नान, पूजा आणि स्वयंपाक आपल्या रीतीने करावा, त्यात कोणी घरच्याने हस्तक्षेप करू नये, अशी ही व्यवस्था होती. पुढे रघुनाथरावाला लिहिलेल्या पत्रात बर्क यांनी आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे तुमच्या वकिलाला आरंभी त्रास सोसावा लागला, असे मान्य केले. हिंदुस्थानविषयी पुढे इतके बोलणाऱ्या या माणसाला हिंदू आचाराची प्रत्यक्ष ओळख अशी आपल्याच बागेत, एका चुलीच्या निमित्ताने झाली.

या व्यवस्थेचे स्वरूप पाहावे. हनुमंतरावाने इंग्लंडात राहूनही आपल्याभोवती एक लहानसा देश आखून घेतला. काचघराच्या भिंतींच्या आत पुणे होते आणि बाहेर बकिंगहॅमशायर. सोवळ्याची मूळ कल्पना जागेशी आणि स्पर्शाशी जोडलेली असल्याने हा एकच मार्ग तिला शक्य होता. तो चालला याचे कारण यजमान श्रीमंत होता, बाग मोठी होती आणि मुक्काम थोड्या दिवसांचा होता. शिवाय एवढे करूनही परतल्यावर सुटका झाली नाही. फोर्ब्स आणि विल्फर्ड या तत्कालीन इंग्रज लेखकांनी नोंदवले आहे की, रघुनाथरावाच्या ब्राह्मण वकिलांना शुद्धीसाठी सोन्याच्या योनिप्रतिमेतून पार व्हावे लागले. म्हणजे प्रतीकरूपाने पुन्हा जन्म घ्यावा लागला. परदेशातल्या काटेकोर आचाराचा स्वदेशात काहीच हिशेब धरला गेला नाही.

२. आचार, अन्न, वस्त्र

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी बर्कसारखा यजमान, काचघर किंवा रघुनाथरावाचा दरबार यांपैकी काहीही नव्हते. पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांची ही पत्नी अठरा वर्षांची होती. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले होते आणि वैद्यक शिकण्याची ओढ त्या दुःखाशी जोडलेली होती. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी एका मिशनरी नियतकालिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून या कुटुंबाशी संबंध जोडला, आणि न पाहिलेल्या या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत केलेले भाषण प्रसिद्ध आहे. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. परत आल्यावर बहिष्कार पडणार नाही का, हा त्यांतला एक प्रश्न. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, मी माझ्या चालीरीती, अन्न आणि पोशाख यांत बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येऊन येथेच राहीन. मग बहिष्काराचे कारणच काय? हे भाषण आपण सामान्यतः धैर्याचा नमुना म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण त्यात धर्माची एक व्याख्याही आहे. समुद्राविषयीचे शास्त्रवचन त्यांनी खोडून काढण्याच्या भरीस न पडता बाजूला ठेवले आणि हिंदूपण चालीरीती, अन्न व वस्त्र या तीन घरगुती गोष्टींत आहे असे गृहीत धरले. या तिन्ही गोष्टी बरोबर नेता येण्याजोग्या आहेत. आचाराला त्यांनी जागेपासून सोडवले आणि व्यक्तीशी बांधले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जहाजावरच्या मांसप्रधान जेवणात त्यांना चालेल असे थोडेच होते. रोझेलला कार्पेंटर कुटुंबात दिवस सुखाचे गेले. तेथे आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून त्यांनी मंडळींना जेवू घातले. मात्र एक गोष्ट उघड आहे. ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात राहायचे, त्यांच्या विहिरीचे वा नळाचे पाणी प्यायचे, त्यांच्या भांड्यांत शिजवायचे म्हटल्यावर कल्याण-पुण्याच्या अर्थाने सोवळे उरलेले नव्हते. धाबळी नेसून, स्पर्श टाळून करायचा तो स्वयंपाक येथे संभवतच नव्हता. उरला होता तो शाकाहार. त्यालाच त्यांनी नियमाची सगळी प्रतिष्ठा दिली आणि तो अखेरपर्यंत पाळला.

वस्त्राच्या बाबतीतही असाच विचार त्यांना करावा लागला. नऊवारी नेसण्यात पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या थंडीला ते सोसण्याजोगे नव्हते आणि त्या समाजाच्या मर्यादेच्या कल्पनेतही बसणारे नव्हते. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला आणि तो गोपाळरावांना समजावून सांगितला. साडी सोडायची नाही हे वचन पाळले गेले, अंगही झाकले गेले. १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले त्यांचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात जपानच्या केइको ओकामी किमोनोत, सिरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखात आणि आनंदीबाई साडीत बसलेल्या दिसतात. ते पाहताना या साडीमागे एक वाटाघाट आहे हे सहसा लक्षात येत नाही. ती थंडीशी होती, परक्या समाजाशी होती आणि हजारो मैलांवरून संशयाची पत्रे पाठवणाऱ्या नवऱ्याशीही होती.

विस्तवाचा प्रश्न मात्र सुटला नाही. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या डीन रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. फिलाडेल्फियात आरंभी मिळालेल्या खोलीविषयी चरित्रांत जे वर्णन येते ते वाचवत नाही. शेगडी पेटवली की खोली धुराने भरायची आणि विझवली की गारठा. अपुरे अन्न, धूर आणि थंडी यांत अभ्यास चालला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा होता. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला परतल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक त्यांची वाटच पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

शाकाहारामुळेच त्यांचा मृत्यू झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयाला तेव्हा औषध नव्हते. पण हा नियम पाळण्याची किंमत कोणी आणि कशी मोजली, हा प्रश्न टाळता येत नाही. हनुमंतरावाच्या आचाराचा भार त्याच्या यजमानाने उचलला होता. आनंदीबाईंच्या आचाराचा भार त्यांच्या एकटीच्या शरीराने उचलला. पुण्यातल्या घरात तो सासू, जाऊ, पाणक्या आणि सोवळ्यात वावरणारी विधवा आत्या अशा अनेकांत वाटलेला असे. परदेशात ती सारी माणसे एका विद्यार्थिनीला व्हावे लागले.

३. वाँटेजचे पुडिंग

याच १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर वादळ उठले. ते सर्वपरिचित आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला भाग बाप्तिस्म्यानंतरच्या जेवणाचा आहे.

धर्म बदलला, तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. ज्या पदार्थात अंडे आहे ते पुडिंगही त्या घेत नसत. सिस्टर जेराल्डीन यांना हे खटकले. ख्रिस्ती झाल्यावर खाण्यापिण्याचे असले निर्बंध ठेवणे म्हणजे जातीचा अभिमान शिल्लक असणे, असा त्यांचा आक्षेप होता. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे आणि ते तिखट आहे. माझा गर्व तुम्हांला पुडिंगात आणि अंड्यांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा, अशा अर्थाचे ते आहे. आपल्याला हिंदू म्हणवून घेणे आवडते आणि पूर्वजांच्या चाली शक्य तितक्या पाळणे आपण सोडलेले नाही, असेही त्या सांगतात. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या सवयीचे अन्न खात राहिली तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का, हा त्यांचा प्रतिप्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे.

येथे एक विलक्षण स्थिती निर्माण झालेली दिसते. आनंदीबाई हिंदू राहण्यासाठी शाकाहार पाळत होत्या. रमाबाई ख्रिस्ती होऊनही तो पाळत होत्या. एकीच्या ताटातला नियम श्रद्धेचा पुरावा होता, तर दुसरीच्या ताटातला नियम श्रद्धेपासून सुटून वारसा झाला होता. नियम तोच होता. घरगुती आचार आणि धर्ममत या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात, हे या दोन ताटांनी १८८० च्या दशकातच दाखवून दिले.

मनोरमेच्या बाबतीत हाच संघर्ष अधिक नाजूक झाला. रमाबाई चेल्टनहॅमला शिकत असताना मुलीचा सांभाळ वाँटेजच्या भगिनींनी केला. प्रेमाने केला. तिने काय शिकावे, कोणत्या मतांत वाढावे, हे कोण ठरवणार यावर मात्र आई आणि भगिनी यांच्यात मतभेद झाले. परदेशात घर चालवताना ज्यांची मदत घ्यावी लागते, त्यांची सत्ताही घरात येते. धर्मशील कुटुंबाला हा अनुभव पुढेही अनेक ठिकाणी आला आहे. वाँटेजचा पत्रव्यवहार तो विलक्षण स्पष्टपणे नोंदवतो.

रमाबाई हा अनुभव विसरल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू करताना आणि पुढे ते पुण्याला नेल्यावर तेथील ब्राह्मण मुलींना आणि विधवांना आपला आचार पाळण्याची, स्वयंपाकाची वेगळी सोय ठेवण्याची मुभा त्यांनी दिली. ख्रिस्ती बाईने चालवलेल्या संस्थेत सोवळ्याची चूल असणे अनेकांना लबाडीचे वाटले. वाँटेजच्या जेवणाच्या टेबलाची आठवण ठेवली तर ते तसे वाटणार नाही. ताटातल्या नियमावरून माणसाला खाली पाहायला लावणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

४. एक तुलना आणि एक पेला

पुरुषाला हाच प्रश्न कसा भेटला, याचे उत्तम उदाहरण गांधींच्या आत्मकथेत आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून निघाले. त्याआधी मुंबईतील मोढ वाण्यांच्या ज्ञातिसभेने त्यांना जातीबाहेर टाकले होते आणि निरोपाला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला होता. लंडनमध्ये मांस न खाण्याचे आईला दिलेले वचन पाळताना घरमालकिणीला काय रांधावे ते कळेना आणि हे अर्धपोटी राहू लागले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले, तेथे हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक मिळाले, आणि वचन म्हणून पाळलेला शाकाहार स्वतःच्या विचाराने स्वीकारलेला झाला. काही काळ ते खोलीवर स्वतः लापशी आणि कोको करून घेत. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही ते गेले. म्हणजे आनंदीबाईंनी जे एकटीने वाहिले त्याला गांधींना एक भोजनगृह, एक पुस्तक आणि एक संस्था मिळाली. शहरभर हिंडून असे ठिकाण शोधण्याची मोकळीक त्या काळच्या तरुण स्त्रीला कितपत होती, हे वेगळे सांगायला नको. परतल्यावर, १८९१ मध्ये, त्यांच्या बंधूंनी जातीच्या समाधानासाठी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घालवले.

समुद्र हा खरा अडथळा नव्हता, याचा सर्वांत चांगला पुरावा मात्र पुण्यातच आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसता हातात धरला. न्या. रानडे आणि टिळक हे उपस्थितांत होते. पुढे नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत (१९१०) या प्रायश्चित्ताचे घरात उमटलेले पडसाद वाचायला मिळतात.

या चहाची योजना करणारे आणि नावे बाहेर फोडणारे गृहस्थ गोपाळराव जोशी होते, म्हणजेच आनंदीबाईंचे पती. हा योगायोग इतिहासकारांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ मात्र फारसा लावला गेलेला नाही. ज्याची पत्नी तीन वर्षे ख्रिस्ती कुटुंबाचे पाणी पिऊन, परत येऊन, पुण्यातच वारली, त्याने तिच्या पश्चात साडेतीन वर्षांनी पुण्याच्या पुढाऱ्यांसमोर एक पेला ठेवला. त्यामागे खोडसाळपणा होता, हे त्यांच्या स्वभावावरून म्हणता येईल. परंतु त्या पेल्याने जे सिद्ध झाले ते खोटे नव्हते. समुद्र न ओलांडता, शहरातल्या शहरात, बाटण्याची सीमा एका कपबशीएवढी जवळ होती. परदेशात 'काय' हा निकष रुजला होता. पुण्यात अजून 'कोणाचे' हाच चालू होता. चहात निषिद्ध असे काहीही नव्हते.

५. ज्यांचा वाद झालाच नाही

येथवरची सारी उदाहरणे लिहित्या, उच्चवर्णीय माणसांची आहेत. ज्यांनी पत्रे लिहिली, त्यांचे जेवण आपल्याला कळले. परंतु याच शतकात मराठी बोलणारी कितीतरी अधिक माणसे समुद्र ओलांडून गेली आणि त्यांच्यासाठी कोणी शास्त्रार्थ केला नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरी आणि दक्षिण कोकणातली कुटुंबे होती. जहाजावर एकाच रांधपातून सर्वांचे अन्न येई. तेथेच स्पर्शाचे नियम मोडून पडले. पोर्ट लुईला उतरल्यावर मळ्यावरच्या वस्तीत चूल मांडायची ती करारात ठरलेल्या शिध्यावर. काय शिजवायचे याची निवडही मालकाने केलेली.

या माणसांनी आपला धर्म कसा टिकवला? काय उरले यावरून उत्तर अजमावता येते. गणपती उरला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती नदीत वा समुद्रात विसर्जित होतात. कोकणातली जाखडी उरली. तिला तेथे झाकरी म्हणतात. म्हणजे जे अंगणात, एकत्र जमून, गाऊन-नाचून करता येते ते टिकले; आणि ज्याला वेगळी चूल, वेगळे पाणी व वेगळी माणसे लागतात ते टिकले नाही. सोवळे मुळातच ज्यांच्या वाट्याला फारसे आलेले नव्हते, त्यांनी ते गमावल्याचे दुःखही कोठे नोंदवलेले नाही. आनंदीबाईंची एकाकी शेगडी आणि मॉरिशसच्या वस्तीतली ही सामुदायिक आरती शेजारी ठेवली, तर धर्म घरात एकट्याने वाहायचा की गावाने मिळून, हा प्रश्न परदेशात किती निर्णायक ठरतो हे कळते.

६. तिथीचा घोळ

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, आणि अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने दारे उघडल्यावर मराठी कुटुंबे संसारासह जाऊ लागली. समुद्राचा निषेध तोवर कोणाच्या ध्यानीमनीही राहिलेला नव्हता. घरगुती प्रश्न मात्र संपले नाहीत, त्यांचे रूप तेवढे बदलले. होमाच्या धुराने छताला लावलेला इशाऱ्याचा भोंगा वाजू लागतो. तुळस हिमवर्षावात खिडकीच्या आत आणावी लागते. सिडनीत संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते आणि तीळ-गुळाच्या उष्णतेचे स्पष्टीकरण मुलांना पटत नाही.

यांतला सर्वांत मनोरंजक प्रश्न तिथीचा आहे. तिथी सूर्य-चंद्रांतील अंतरावरून ठरते, त्यामुळे ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी बदलते. पण सण बहुधा स्थानिक सूर्योदयाला कोणती तिथी आहे यावर ठरतो, आणि न्यू जर्सीचा सूर्योदय पुण्याच्या सूर्योदयानंतर सुमारे दहा तासांनी होतो. तेवढ्यात तिथी पुढे सरकलेली असू शकते. परिणामी पुण्यात जो सण बुधवारी, तो तेथे मंगळवारी येऊ शकतो. मग सुनेने दारातल्या सूर्याचे ऐकायचे की दूरध्वनीवरून बोलणाऱ्या सासूबाईंचे? शास्त्र सूर्याच्या बाजूने आहे, आणि ओढ सासूबाईंच्या. पुष्कळ कुटुंबे दोन्ही बाजूला ठेवून जवळचा शनिवार गाठतात, कारण माणसे तेव्हाच जमू शकतात. मॉरिशसच्या मजुरांनी न लिहिलेला सिद्धान्तच येथे पुन्हा अमलात आलेला दिसतो. माणसे जमणे हेच विधीचे मर्म ठरते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी या साऱ्यातून एक काम उरते. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी (१९६८), अंजली कीर्तने यांचे संशोधन, रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि त्यांचे अमेरिकेचे प्रवासवृत्त ही पुस्तके आपल्या अभ्यासक्रमांत आणि संदर्भसूचींत असतात. आपण ती स्त्रीशिक्षणाचा, धर्मांतराचा, सुधारणेचा इतिहास म्हणून शिकवतो. एकदा ती केवळ अन्न, वस्त्र, पाणी आणि विस्तव यांचे उल्लेख टिपत विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावीत. धर्मचर्चेच्या पानांत जे सापडत नाही ते या उल्लेखांत सापडते. नियम कोणी केला, कोणी मोडला याच्या नोंदी इतिहासाने ठेवल्याच आहेत. तो पाळण्यासाठी पहाटे उठून शेगडी कोणी पेटवली, याची नोंद अजून पुरती झालेली नाही.